थेंबभर रक्ताची वाट

सकाळी ६

पाववाल्या पोदेराचा भोंगा खाडीच्या बाजूने वर येईपर्यंत माझा पहिला चहा झालेला असतो आणि पुढ्यात वही उघडलेली असते. सगळं संगणकात आहे, तरी वही सुटत नाही. आज अकरा नावं. दोन दाढा काढायच्या, तिघांचे दात साफ करायचे, एका रापणकार आजोबांची कवळी घासून बसवायची (सहाव्यांदा, दोष कवळीचा की हिरडीचा, हे आता आम्हा दोघांनाही कळेनासं झालंय), रूट कॅनालच्या दोन चालू भेटी, बाकी किरकोळ. आणि सव्वानऊला एक ओळ : ‘वय ९, वरचा डावा पुढचा, मूळ उघडं, भेट दुसरी.’

या एका ओळीसाठी सकाळचे दोन तास मोकळे ठेवलेत. पेडणे तालुक्याच्या टोकाला केरीत, तेरेखोलच्या तरीला जाणाऱ्या रस्त्यावर दोन खुर्च्यांचा दवाखाना चालवणाऱ्या बाईला हे परवडत नाही. पण महिन्या-दोन महिन्यांतून असं एखादं मूल येतं आणि त्या दिवशी हिशेब बाजूला ठेवावा लागतो.

वहीत एक रकाना मी स्वतः आखलाय. त्याचं नाव ‘पडल्यापासून’. मूल पडलं तो दिवस आणि माझ्याकडे आलं तो दिवस, यांमधलं अंतर त्यात लिहिते. दुसऱ्या कुठल्या दंतवैद्याकडे असा रकाना मी पाहिलेला नाही. माझं मात्र अर्ध्याहून जास्त निदान त्या आकड्यातच होतं.

सव्वासात

दवाखाना उघडला की पहिलं काम ऑटोक्लेव्ह. १२१ अंश, पंधरा पौंड दाब. तो तापतोय तोवर आजच्या ट्रेची मांडामांड. पालयेहून येणारी माझी मदतनीस आठला पोचते, पण द्रावणं मी तिच्यावर सोपवत नाही. विश्वास नाही म्हणून नव्हे; आजच्या कामात सगळी मेख द्रावणांत आहे म्हणून.

एरवी रूट कॅनालमध्ये मुळाच्या आत सोडियम हायपोक्लोराइट सोडतात, म्हणजे घरात फरशीला वापरतात त्याच जातीचं ब्लीच, तेही चांगलं कडक. आज ते दीड टक्का. तीन टक्क्यांच्या बाटलीतलं निम्मं, सलाइन निम्मं. कारण या मुलाच्या दाताच्या टोकाशी, हाडाच्या कुशीत, मऊ पेशींची एक गादी अजून जिवंत असण्याची शक्यता आहे. त्यांतल्या मूळपेशी उरलेलं मूळ बांधायला तिथे बसलेल्या असतात. कडक ब्लीच जंतूंबरोबर त्यांनाही मारतं. म्हणून ब्लीच हलकं, आणि त्याच्या मागोमाग १७ टक्क्यांचं ईडीटीए. ते दाताच्या भिंतीवरचा चुन्याचा थर थोडा सोडवतं आणि भिंतीत दडलेली वाढीची द्रव्यं मोकळी करतं. त्या पेशींना बोलावणं धाडल्यासारखंच.

दात बाहेर आला म्हणजे तो पूर्ण झाला, असं आपण धरून चालतो. खरं तर कायमचा दात हिरडीतून डोकावतो तेव्हा त्याचं मूळ अर्धवटच असतं. पुढे साधारण तीन वर्षं ते आतल्या आत लांबत आणि जाड होत राहतं. वरचे पुढचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्यांच्या मुळाची टोकं दहाच्या आसपास मिटतात. आणि मुलं तोंडावर पडतात ती नेमकी याच वयात. सायकलवरून, फुटबॉलमागे धावताना, जेटीवरून. मार बसला, दाताच्या आतला जीव गेला, की मूळ जिथल्या तिथे थांबतं. मुलगा वाढतो, जबडा वाढतो, पण त्या दाताचं मूळ नऊ वर्षांचंच राहतं : भिंती अंड्याच्या कवचासारख्या पातळ आणि टोक नरसाळ्यासारखं उघडं.

साधं रूट कॅनाल इथे चालत नाही. उघड्या टोकाला काही टेकवता येत नाही. भरलं ते पलीकडे हाडात जातं. पातळ भिंती खरवडायची सोयच नाही. १९६० च्या दशकापासून पुढची तीस-चाळीस वर्षं यावर एकच तोडगा होता : मुळात कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरायचं, ते महिनोनमहिने बदलत राहायचं आणि टोकाशी खपलीसारखा कठीण पडदा तयार व्हायची वाट बघायची. पडदा यायचा. पण १९९२ मध्ये स्वीडनच्या मिओमिर त्स्वेक यांनी अशा दातांचा वर्षानुवर्षांचा हिशेब मांडला. चारेक वर्षांत यांतले बरेचसे दात हिरडीपाशी आडवे मोडत होते, आणि मूळ जितकं कच्चं तितकं प्रमाण जास्त : सगळ्यांत कच्च्या मुळांत ७७ टक्के, जवळजवळ पूर्ण झालेल्यांत २८. टोक बंद झालं होतं, भिंती मात्र तेवढ्याच पातळ राहिल्या होत्या. एखाद्या सणाला ऊस सोलताना दात तुटायचा.

सव्वानऊ

मुलगा, आई आणि आजी. तिघंही पलीकडून, तेरेखोलहून, तरीने आलेत. आईने तुयेच्या कारखान्यातली पाळी बदलून घेतली आहे. मुलाची शाळा बुडाली, त्याचं दुःख त्याला स्वतःला अजिबात नाही.

गोष्ट साधी आहे. तरीच्या धक्क्याचा उतार, त्यावर भरतीचं शेवाळ, पाय सटकला, तोंड सिमेंटवर. ओठ फुटला, वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. दोन दिवस दुखलं, मग थांबलं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं घरातल्या सगळ्यांनी मानलं. आपणही मानलं असतं. दोन महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी आली आणि तिच्यातून पू यायला लागला, तेव्हा आणला. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणला असता, तर आतल्या लगद्याचा वरचा दोनेक मिलिमीटर भाग काढून खालचा जिवंत ठेवता आला असता. मूळ आपोआप वाढत राहिलं असतं. या उपचारालाही त्याच त्स्वेक यांचं नाव आहे. अर्ध्या तासाचं काम. पण ते दार आता बंद झालंय.

पहिल्या भेटीत, तीन आठवड्यांपूर्वी, आजीने मला तोडगा सांगितला होता.

“काडून उडय गो बाय तो. दुसरो येतलो.”

“आजी, हो दुसरोच. तिसरो येवचो ना.”

आजी गप्प झाल्या होत्या. दुधाचा दात कौलांवर फेकून नवा मागणाऱ्या पिढीला या उत्तरातलं गांभीर्य लगेच कळतं. मग त्यांनी विचारलं, आत काय घातलंस? मी म्हटलं, चुनो.

“पानाक लायतात तो?”

“तोच.”

यात थट्टा नव्हती. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरवलेला चुनाच. माझा औषधाच्या दर्जाचा, आजींचा शिंपल्यांचा. जंतू मारायला तीन आठवडे आत ठेवला होता. आजींनी डबी कनवटीला खोचली आणि माझ्याकडे पहिल्यांदा थोड्या आदराने पाहिलं.

आज पुटकुळी सुकलीय. दाब दिला, पू नाही, दुखत नाही. म्हणजे पुढे जायला हरकत नाही.

पावणेदहा

सुई. इथे एक बारकी गोष्ट आहे, आणि घाईत ती हमखास हुकते. दातांच्या डॉक्टरची रोजची बधिरतेची सुई अ‍ॅड्रिनलिन मिसळलेली असते. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, बधिरता टिकते, रक्त कमी येतं. आज मला रक्त हवंय. म्हणून अ‍ॅड्रिनलिन नसलेली कार्ट्रिज, वेगळ्या डब्यातली, डब्यावर लाल चिकटपट्टी. ही लवकर उतरते, तेव्हा हात भरभर चालायला हवा. मुलाचा आणि माझा दोघांचाही धीर साधारण सारखाच टिकतो, हे बरं.

रबर डॅम लावला. मुलांशी बोलताना मी त्याला ‘दाताचा रेनकोट’ म्हणते. निळा रबरी पडदा, त्यातून एकच दात बाहेर. मुलगा पडद्याआडून विचारतो, “तर सुटली काय?” खिडकीतून खाडी दिसत नाही, पण तरीचं इंजिन ऐकू येतं. आमच्यात ठरलंय : तर पलीकडे जाऊन परत येईपर्यंत त्याने हलायचं नाही.

तात्पुरतं सिमेंट काढलं. आतला चुना धुतला. ईडीटीए वीस मिलिलिटर, बाजूला भोक असलेल्या बोथट सुईने, टोकाच्या एक मिलिमीटर अलीकडे थांबून, अगदी सावकाश. जोर लावला तर द्रावण पलीकडे हाडात जातं आणि मूल किंचाळतं. मग कागदी काड्यांनी आतलं टिपून घ्यायचं. शेवटची काडी कोरडी आली. भिंगातून बघितलं तर आत स्वच्छ, फिकट पिवळसर पोकळी, ओलसर चमक असलेली.

आता एरवी जे जन्मात करू नये म्हणून आम्हाला शिकवलं जातं ते करायचं. दाताच्या टोकापलीकडे जायचं. बारीक फाइल घेतली, टोक थोडं वाकवलं, मोजून ठेवलेल्या लांबीपेक्षा दोन मिलिमीटर पुढे नेली आणि फिरवली. उतींना टोचायचं, डिवचायचं. रक्त काढायचं.

फाइल बाहेर आली. कोरडी.

पुन्हा. थोडी जास्त वाकवून, दुसऱ्या दिशेने. मुलाची पायाची बोटं आकसली, म्हणजे त्याला कळलं. चांगलं लक्षण आहे, पलीकडे जाणीव आहे. फाइल काढली. टोकाला गुलाबी डाग. बस, एवढंच.

इथे मी हात मांडीवर ठेवते आणि थांबते. हे थांबणं मला फार उशिरा जमलं. सुरुवातीच्या दिवसांत रक्त आलं नाही की मी टोचत राहायचे. एकदा एवढं टोचलं की मुलीला दोन दिवस सूज होती, आणि रक्त शेवटपर्यंत आलंच नाही. तिच्या मुळाच्या टोकाशी एमटीए नावाच्या सिमेंटची डाट बसवली आणि वरचा भाग भरून टाकला. तोही मान्य उपचार आहे, दात अजून तोंडात आहे. पण भिंती पातळ त्या पातळच.

मदतनीस भिंगाखाली वाकली. म्हणाली, “मॅडम, वर येतंय.”

येत होतं. खोल पोकळीच्या तळाशी आधी एक काळसर ठिपका, मग त्याची गोल चकती, मग ती चकती भिंतींना धरून वर चढायला लागली. विहिरीला पहिला झरा फुटल्यावर पाणी चढतं तसं, घाई न करता. रंग आधी गडद, उजेडात आला तसा लाल. हिरडीच्या रेषेच्या जरा खाली पोचलं तेव्हा सलाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलकेच टेकवून तिथेच थोपवलं. आता घड्याळ. गोठायला पंधरा मिनिटं.

या पंधरा मिनिटांत काही करायचं नसतं. मुलगा तरीचं इंजिन ऐकतोय. आजी दाराशी उभ्या आहेत, त्यांना आत यायचंय पण रक्त बघायचं नाही. मी आईला सांगते : आम्ही भरलेलं कुठलंही औषध आता आत नाही. मुलाचं स्वतःचं रक्त आहे. टोकाशी डिवचल्यावर जे रक्त येतं त्याच्याबरोबर मूळपेशीही येतात, नुसत्या हातावरच्या रक्तात असतात त्याच्या कितीतरी पट. २०११ मध्ये हे मोजून दाखवलं गेलं. हा गोठलेला गोळा म्हणजे त्या पेशींना चढायला मांडव. वर सिमेंटचं झाकण घालायचं, जंतू आत जाऊ द्यायचे नाहीत, आणि वाट बघायची.

“किती दिवस?”

“वर्ष, दोन वर्षं.”

आई हसली. विनोद वाटला तिला.

कल्पना जुनी आहे. नॉर्वेच्या निगार्ड-ओस्तबी यांनी १९६१ मध्ये मुळात रक्त गोठवून बघितलं होतं. पण तेव्हा आतले जंतू पुरते मारायची सोय नव्हती. २००१ मध्ये जपानच्या इवाया आणि सहकाऱ्यांनी, आणि २००४ मध्ये बांक्स आणि ट्रोप यांनी, सडून पू झालेल्या कच्च्या दाताचं मूळ पुन्हा वाढलेलं दाखवलं. गंमत म्हणजे ते दोन्ही दात पडून आपटलेले पुढचे नव्हते. खालच्या उपदाढा होत्या. काहींच्या उपदाढेवर एक बारीक शंकूसारखा उंचवटा असतो, पूर्व आशियात जास्त. तो चावताना मोडतो आणि आतला लगदा उघडा पडतो. त्या इवल्याशा उंचवट्यामुळे जगभरच्या पडलेल्या मुलांची सोय झाली. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये नसीम शाह आणि सहकाऱ्यांनी चौदा दातांवर हे केलं आणि २००८ मध्ये छापलं : चौदापैकी तेरांत हाडातली जखम भरली, दहांत मुळाची लांबी वाढली, भिंती जाड झाल्या त्या मात्र आठांतच. मी हे आकडे आईबापांना तसेच सांगते, गोल करून नाही.

गोळा जमला. वर कोलॅजनचा कापूससा तुकडा, आणि त्यावर बायोडेंटिन. कॅप्सूलमध्ये द्रवाचे पाच थेंब, यंत्रात तीस सेकंद घुसळण, बारा मिनिटांत कडक. एमटीए स्वस्त पडलं असतं, पण त्यातल्या बिस्मथने पुढचा दात काळवंडतो. दोन्ही मुळात सिमेंटच आहेत. एमटीएचा तर पाऊण भाग पोर्टलँड सिमेंट, गवंड्याच्या घमेल्यातलं, फक्त गाळून-शोधून घेतलेलं. चुना आणि सिमेंट. कधीकधी वाटतं, पाच वर्षं बांबोळीला दंतवैद्यक शिकून मी शेवटी गवंडीकामच करतेय.

तर तीनदा जाऊन आली होती. मुलाने मोजलं होतं.

साडेअकरा ते पाऊण

दोन दाढा, एक कवळी. आजोबा म्हणाले, “आतां बरी बसली.” पुढच्या महिन्यात भेटू.

पाऊण

गोव्यात शाळा सकाळच्या, दीडला सुटतात. त्याआधी जवळच्या एका शाळेत पंधरा मिनिटं बोलायला जाते. दर सहामाहीला एकदा. दात घासण्यावर बोलत नाही, ते त्यांना पाठ आहे. एकच सांगते : पडून कायमचा दात अख्खा बाहेर आला तर काय करायचं. वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला हात लावायचा नाही, घासायचं नाही. माती लागली असेल तर दुधाने नाहीतर सलाइनने हलकेच खळबळायचं आणि जमत असेल तर तिथल्या तिथे खोबणीत बसवून रुमाल चावून धरायचा. नाही जमलं तर दुधात टाकून तासाच्या आत दंतवैद्याकडे. पाण्यात ठेवायचा नाही. पाण्यात मुळावरच्या पेशी फुगून फुटतात. आणि दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही, त्याला कौलांवर जाऊ द्या.

पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, “शहाळ्याचं पाणी चालेल?”

प्रश्न ऐकून शिक्षिका हसल्या. मी हसले नाही. चेन्नईच्या दंतवैद्यांनी हे २००८ मध्ये खरोखर तपासलंय. त्यांच्या प्रयोगात शहाळ्याच्या पाण्यात दुधापेक्षाही जास्त पेशी टिकल्या होत्या. पण ते आम्लधर्मी असतं, आणि आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० च्या यादीत ते नाही. दूध आहे, सलाइन आहे, स्वतःची लाळही आहे. म्हणून मी सांगितलं, आधी दूध. दूध नसेल आणि झाडाखालीच पडला असाल, तर कोरड्या रुमालापेक्षा शहाळं बरं. तिने वहीत लिहून घेतलं. वर्गातल्या पाचजणांनी तेवढंच लिहून घेतलं असणार.

दोन ते पावणेचार

शीत, हुमण, तोर. मग डोळे मिटणं. या वेळात केरीत कुणाचाही दात दुखत नाही. दुखला तरी कुणी उठत नाही.

चार

आजचा खरा निकाल या वेळेला होता. अकरा वर्षांची मुलगी, दोन वर्षांपूर्वी तिच्या पुढच्या दातात मी रक्त आणलं होतं. आज चोवीस महिने झाले. एक्स-रे काढला आणि तेव्हाचा आणि आताचा पडद्यावर शेजारीशेजारी लावले.

हे बघायला मला स्वतःला फार आवडतं, म्हणून ते सावकाश करते. डावीकडे : टोकाभोवती काळी सावली, कडा पातळ, खाली उघडी. उजवीकडे : सावली गेलीय, हाडाची जाळी भरलीय. टोक बोथट पण मिटलेलं. भिंती दोन्ही बाजूंनी जाड, विशेषतः खालच्या तिसऱ्या भागात. आणि मधल्या पोकळीत पांढुरके पट्टे, जिथे ते असायला नको होते.

तिच्या वडिलांनी विचारलं, “म्हणजे दात जिवंत झाला?”

थंड फवारा मारलेला कापूस दाताला लावला. मुलगी म्हणाली, काही नाही. शेजारच्या दाताला लावला, ती दचकली.

याच ठिकाणी मला या उपचाराच्या नावाचा राग येतो. रिजनरेटिव्ह म्हणजे पुन्हा जन्माला घालणारं. जाहिरातीत तर ‘मेलेला दात जिवंत’ असंच लिहितात. आत जे वाढतं ते मूळचा लगदा नसतं बहुतेक वेळा. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत, आणि पुढे कधी मोडल्यामुळे काढाव्या लागलेल्या माणसांच्या काही दातांत, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा भिंतींवर सिमेंटम चढलेलं होतं, मुळाच्या बाहेरच्या कवचासारखं. कुठे हाडासारखी ऊती, मध्ये संयोजी ऊती. म्हणजे हे नवं कापड विणणं नाही, रफू आहे. पण उत्तम रफू आहे. पातळ झालेली जागा भरून येते, कापड फाटत नाही, आणि अकरा वर्षांच्या मुलीला दात मोडायच्या भीतीशिवाय पेरू खाता येतो. मी वडिलांना म्हटलं, जिवंत म्हणू नका, भक्कम म्हणा. त्यांना हे जास्त पटलं. ते पतसंस्थेत वसुलीला आहेत.

साडेपाच

माझी चूक. सोळा वर्षांचा मुलगा, पुढचा दात राखाडी. त्याच्या वेळी मी जंतू मारायला तीन अँटिबायोटिकांचा लेप वापरला होता. जपानच्या होशिनो यांच्या प्रयोगांतून आलेला, सगळ्या शोधनिबंधांत तेव्हा तोच असायचा. सिप्रोफ्लोक्सासिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लिन. त्यातलं मिनोसायक्लिन टेट्रासायक्लिनच्या घरातलं, ते दातातल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि दात काळवंडवतं. वरच्या भागाला लेप लागू द्यायचा नाही, आधी आतून बाँडिंगचा थर द्यायचा, हे मी वाचलं होतं. केलं नव्हतं. मूळ झकास वाढलं त्याचं. पण मुलगा फोटोत ओठ मिटून उभा राहतो.

आता आतून ब्लीच करतोय, तिसरी खेप. पैसे घेत नाही. त्याच्यानंतर तो लेप दवाखान्यात आलेला नाही. आजीचा चुनाच बरा. मुलगा उठला, आरशात बघितलं, म्हणाला, “बरो दिसता मगे?” थोडासा बरा दिसतोय. थोडासाच.

सात

गिऱ्हाईक संपलं. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात शिकवणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीला सकाळच्या मुलाचा आणि चारच्या मुलीचा एक्स-रे पाठवला. पूर्वी अशी मुलं मी तिकडेच पाठवायचे. तिथे माणसं आहेत, सूक्ष्मदर्शक आहे, खर्च कमी. पण केरीहून बांबोळी म्हणजे बसा बदलत अर्धा दिवस, आणि या उपचारात एका भेटीने काही होत नाही. पहिल्या भेटीला सगळे जातात. सहा महिन्यांनी, वर्षाने, दुखत नसताना कुणी जात नाही. न दुखणाऱ्या दातासाठी रोजगार बुडवणार कोण? म्हणून दोन तास मोकळे ठेवून हे इथेच करायला लागले. अवघड असेल, मुळाला चीर असेल, तर अजूनही चिठ्ठी बांबोळीचीच.

मैत्रिणीचं उत्तर आलं : ‘क्लॉट सुंदर. पण वरचं झाकण आणखी अर्धा मिलिमीटर जाड चाललं असतं.’ तिचं बरोबर आहे. तिचं नेहमीच बरोबर असतं, म्हणून तर पाठवते.

साडेसातला तेरेखोलहून फोन. मुलगा बरा आहे, पेज जेवला, फुटबॉल खेळू का विचारतोय. म्हटलं, चार दिवस नको, आणि मग तोंडात गार्ड घालून. पुढच्या दाताने चिक्की फोडायची नाही. मागून आजींचा आवाज आला, चुनो रावलो मगे भितर? म्हटलं, नाही आजी, आता तुमच्या नातवाचंच रक्त आहे आत. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही.

वहीत आजची ओळ पुरी केली. ‘रक्त दुसऱ्या खेपेला. झाकण बायोडेंटिन, वर ग्लास आयोनोमर. पुढे ३ महिने, ६, १२, २४. शनिवारच द्यायचा, आईला सुटी असते.’ शेवटच्या ‘पडल्यापासून’ या रकान्यात आकडा पहिल्या भेटीलाच लिहिलेला आहे : ६१ दिवस.